आज्ञावली सुरू होताना तिला काय सांगावे?

भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी, तिला लागूनच असलेले अकलोली आणि थोडे पलीकडचे गणेशपुरी ही तानसा नदीच्या काठची गावे गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध आहेत. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून वर येते. इथे ज्वालामुखी वगैरे काही धुमसत नाही. पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतसे तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढते, एवढी गोष्ट पाणी तापायला पुरेशी आहे.

आता अशी कल्पना करा की, या परिसरातील एका शाळेच्या विज्ञान मंडळाने कुंडांच्या पाण्याचे तापमान रोज मोजून लिहून ठेवायचे ठरवले आहे. पूर्वी हे काम जाड पुठ्ठ्याच्या वहीत झाले असते. आज शाळेच्या प्रयोगशाळेत एक संगणक आहे आणि त्यावर विद्यार्थ्यांनीच लिहिलेली एक लहानशी आज्ञावली चालते. तिला आपण ‘कुंडनोंद’ म्हणू. ही वेब-आज्ञावली आहे. म्हणजे ती एका संगणकावर चालू राहते, आणि शाळेतील इतर संगणकांवरून किंवा शिक्षकांच्या मोबाइलवरून, ज्या ब्राउझरने आपण एरवी संकेतस्थळे पाहतो त्याच ब्राउझरने तिचे पान उघडता येते. त्यासाठी बाहेरच्या इंटरनेटची गरज नाही. शाळेतले आपापसांतले जाळे पुरते.

वर्षभराच्या नोंदी जमल्या. पावसाळ्यात तानसा भरून वाहते तेव्हा नदीपात्रातली कुंडे पाण्याखाली जातात, म्हणून त्या दिवसांच्या जागा रिकाम्या आहेत. बाकी नोंदी सलग आहेत. अशा वेळी नववीच्या काही मुलांना वाटते की, या तापमानांचा आलेख आपोआप काढणारा नवा भाग आज्ञावलीला जोडावा. कल्पना चांगली आहे. पण नवा भाग तपासायचा तर खोट्या नोंदी भराव्या लागणार. कोणी ९९ अंश लिहील, कोणी उणे ५ लिहील, कोणी आकड्याच्या जागी स्वतःचे नाव लिहील. तपासणी अशीच करायची असते! मात्र हे सारे खऱ्या नोंदींत मिसळले तर वर्षाचे काम वाया जाईल. काचेचे चंचुपात्र फुटले तर दुसरे आणता येते. गेल्या मार्गशीर्षातल्या एखाद्या पहाटेचे तापमान मात्र पुन्हा मोजता येत नाही.

मग करावे काय? आज्ञावली तीच हवी, पण वही वेगळी हवी. तीही तात्पुरती, फक्त आजच्या दुपारपुरती.

भिवंडीत राहणाऱ्या वाचकाला इथे यंत्रमाग आठवेल. कापडाच्या दर इंचात किती आडवे धागे बसावेत, हे मागाच्या एका दातेरी चाकावर ठरते. घट्ट विणीचे कापड हवे असेल तर कोणी नवा माग ओतून घेत नाही. माग थांबवून ते एक चाक बदलतात आणि माग पुन्हा चालू करतात. मागाचा सांगाडा म्हणजे आज्ञावली, आणि ते बदलते चाक म्हणजे तिचे सेटिंग. ज्या गोष्टी प्रसंगानुसार बदलाव्या लागतील असा अंदाज आहे, त्या यंत्राच्या सांगाड्यात कायमच्या न ओतता सुट्या ठेवाव्यात, ही युक्ती संगणकापेक्षा पुष्कळ जुनी आहे.

आमच्या विषयातले उदाहरण द्यायचे तर फेकलेल्या चेंडूचे देता येईल. त्याच्या गतीचे समीकरण वज्रेश्वरीत आणि वसईत एकच असते. पण चेंडू कुठे पडेल हे केवळ समीकरणावर ठरत नाही. सुरुवातीचा वेग किती आणि कोन किती, हेही लागते. भौतिकीत याला प्रारंभिक अटी म्हणतात. आणि चेंडू एकदा हातातून सुटला की कोन बदलता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

कुंडनोंदची सेटिंगे पाहू या. नोंदी कोणत्या फाइलीत लिहायच्या, म्हणजे वही कोणती, हे पहिले. तापमान सेल्सियसमध्ये दाखवायचे की फॅरनहाइटमध्ये, हे दुसरे. चूक झाल्यास तिचा सविस्तर तपशील पडद्यावर दाखवायचा की नाही, हे तिसरे. चौथे सेटिंग म्हणजे पोर्ट. हा शब्द नवा असेल तर थोडे थांबू.

जाळ्यावरच्या प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो. पण एकाच संगणकावर अनेक आज्ञावल्या चालू असू शकतात. मग आलेला निरोप कोणाला द्यायचा? चाळीचा पत्ता एकच, पण खोल्या अनेक. म्हणून पत्त्याबरोबर खोलीचा क्रमांक लिहावा लागतो. पोर्ट म्हणजे हा खोली क्रमांक. तो १६ बिटांत लिहिलेला असतो, म्हणून ० ते ६५,५३५ एवढेच क्रमांक संभवतात आणि त्यांतला शून्य क्रमांक खोली म्हणून वापरत नाहीत. साध्या संकेतस्थळांसाठी ८० हा क्रमांक ठरलेला आहे. युनिक्स पद्धतीच्या यंत्रांवर १०२४ च्या खालचे क्रमांक घ्यायला सामान्यतः खास अधिकार लागतात. म्हणून शिकाऊ कामासाठी ८०००, ८०८० असे क्रमांक वापरण्याची पद्धत पडली आहे. एका पत्त्यावरची एक खोली एका वेळी एकाच आज्ञावलीला मिळते. दुसरीने तीच मागितली तर ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशा अर्थाचा संदेश देऊन ती बंद पडते.

म्हणजे आपल्या नववीच्या मुलांना खरी कुंडनोंद चालू ठेवून शेजारी दुसरी प्रत चालवायची असेल, तर वही आणि पोर्ट दोन्ही बदलावे लागतील.

हे करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग आज्ञावलीच उघडून तिच्यात बदल करण्याचा. तो सोडून द्या. मागाचा सांगाडा कापण्यासारखाच तो प्रकार आहे. दुसरा मार्ग सेटिंगांची फाइल बदलण्याचा. बहुतेक आज्ञावल्या आपली सेटिंगे एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतात. एकेका ओळीवर सेटिंगाचे नाव आणि त्याची किंमत. ती बदलणे सोपे आहे, पण काम झाल्यावर पूर्ववत करायला विसरणे त्याहून सोपे आहे! दुपारी चाचणीची वही लावली, घंटा झाली, मुले घरी गेली. उद्या सकाळी खऱ्या नोंदी चाचणीच्या वहीत पडू लागतात आणि आठवडाभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरा मार्ग आज आपला विषय आहे. आज्ञावली सुरू करण्यासाठी काळ्या खिडकीत जी ओळ टंकित करतात, तिला कमांड लाइन किंवा आज्ञेची ओळ म्हणतात. या ओळीत आज्ञावलीच्या नावापुढे आणखी काही शब्द लिहिता येतात:

कुंडनोंद --वही=चाचणी --पोर्ट=८०३०

(यंत्रावर हे रोमन अक्षरांत टंकित करायचे असते; इथे वाचनासाठी देवनागरीत दिले आहे.) याचा अर्थ असा: कुंडनोंद सुरू कर; फाइलीत काहीही लिहिलेले असो, या खेपेला वही ‘चाचणी’ ही घे आणि पोर्ट ८०३० घे. फाइलीला हातही लागलेला नाही. ही प्रत बंद केली की तिला सांगितलेली गोष्टही तिच्याबरोबर संपते.

हे घडते कसे? तुम्ही ओळ टंकित करून एंटरची कळ दाबता तेव्हा ती प्रथम शेल नावाच्या मध्यस्थाच्या हाती पडते. शेल त्या ओळीचे मोकळ्या जागांवर तुकडे करतो. आपल्या ओळीचे तीन तुकडे होतील. पहिला तुकडा आज्ञावलीचे नाव. मग शेल संगणकाच्या कार्यप्रणालीला सांगतो की, या नावाची आज्ञावली स्मृतीत आण आणि हे तुकडे तिच्या हवाली कर. कार्यप्रणाली नव्या आज्ञावलीसाठी स्मृतीचा भाग राखते आणि तिचा पहिला हुकूम अमलात येण्यापूर्वीच हे तुकडे तिथे मांडून ठेवते. सी भाषा शिकलेल्यांना ‘मेन’ या फलनाला मिळणाऱ्या दोन गोष्टी आठवतील, आर्गसी आणि आर्गव्ही: तुकडे किती, आणि ते कोणते. केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्सचे काम सुरू केले. आजचे लिनक्स त्याच परंपरेतले आहे आणि तुकडे हवाली करण्याची ही रीतही तीच आहे. वेब तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

याच वेळी कार्यप्रणाली आणखी एक गाठोडे आज्ञावलीच्या हाती देते. त्याला परिसर-चले म्हणता येतील. ही नाव आणि किंमत यांची जोडी असते, पण ती ओळीत लिहिलेली नसून शेलजवळ आधीच ठेवलेली असते. शेलने सुरू केलेल्या प्रत्येक आज्ञावलीला त्याची प्रत वारशाने मिळते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून युनिक्समध्ये ही सोय आली.

आता आज्ञावलीजवळ सेटिंगे चार ठिकाणांहून आली. लिहिणाऱ्याने आतच घालून ठेवलेल्या मूळ किमती, फाइलीतल्या किमती, परिसर-चलांतल्या किमती आणि आज्ञेच्या ओळीतल्या किमती. यांत मतभेद झाला तर कोणाचे ऐकायचे?

शाळेतले उदाहरण घ्या. वर्षाच्या सुरुवातीला वेळापत्रक छापले जाते. महिन्याभराने मुख्याध्यापक एक सूचना लावतात की, शुक्रवारचा चौथा तास गणिताऐवजी चित्रकलेचा. आणि आज शुक्रवारीच सकाळी फळ्यावर खडूने लिहिलेले असते: ‘आज चौथ्या तासाला सर्वांनी मैदानावर जमावे.’ चौथ्या तासाला तुम्ही कुठे जाल? मैदानावरच. फळ्यावरचा मजकूर छापील वेळापत्रकाहून कमी टिकाऊ आहे, पण तो सर्वांत ताजा आणि नेमका आजच्यासाठी लिहिलेला आहे. आज्ञावल्याही बहुधा याच न्यायाने वागतात: मूळ किमतीवर फाइल मात करते, फाइलीवर परिसर-चल, आणि सर्वांवर आज्ञेची ओळ. मला हा क्रम अगदी योग्य वाटतो. ज्याने आज्ञावली लिहिली त्याला वज्रेश्वरीची शाळा ठाऊक नव्हती. ज्याने फाइल लिहिली त्याला आजची दुपार ठाऊक नव्हती. जो आता यंत्रापुढे बसला आहे त्याला दोन्ही ठाऊक आहेत.

मात्र एक गोष्ट नीट पाहा. फळ्यावर फक्त चौथ्या तासाबद्दल लिहिले होते; म्हणून पहिले तीन तास काही रद्द होत नाहीत. तसेच इथेही प्रत्येक सेटिंगाचा निवाडा स्वतंत्रपणे होतो. समजा मूळ किमती अशा आहेत: वही ‘नोंदी’, पोर्ट ८०००, एकक सेल्सियस. फाइलीत पोर्ट ८०१० आणि एकक फॅरनहाइट लिहिले आहे. परिसर-चलात पोर्ट ८०२० आहे. आणि आपण ओळीत पोर्ट ८०३० सांगितले. पुढे वाचण्यापूर्वी उत्तर कागदावर लिहा. पोर्टासाठी चौघेही बोलले. त्यांत ओळ जिंकली, म्हणून ८०३०. एककाबद्दल ओळीने काही सांगितले नाही, परिसर-चलानेही नाही. म्हणून फाइलीचे चालले, फॅरनहाइट. आणि वहीबद्दल कोणीच बोलले नाही. म्हणून मूळचीच ‘नोंदी’. आले ना लक्षात? पोर्ट बदलले, पण वही सांगायची राहिली, तर चाचणीचे ९९ अंश थेट खऱ्या वहीत जाऊन बसतील. पान मात्र ८०३० वर उघडते आहे, म्हणून मुलांची समजूत अशी की आपण सुरक्षित आहोत.

हा क्रम कागदोपत्री कल्पना नाही. मुंबईच्या फ्रापे कंपनीने तयार केलेली ईआरपीनेक्स्ट नावाची मुक्त वेब-आज्ञावली हिशेब, साठा, खरेदी-विक्री यांसाठी अनेक देशांत वापरली जाते. कंपनीचे संस्थापक ऋषभ मेहता. तिच्या मांडणीत एकाच यंत्रावर अनेक संस्थळे नांदू शकतात. सर्वांना मिळून एक सामाईक सेटिंग-फाइल असते, प्रत्येक संस्थळाची स्वतःची निराळी फाइल असते, आणि दोघींत मतभेद झाल्यास संस्थळाच्या फाइलीचे चालते. काम करताना बेंच नावाच्या आज्ञेने सर्व्हर सुरू करतात. तो एरवी ८००० क्रमांकाच्या पोर्टवर बसतो; पण ‘बेंच सर्व्ह’ या शब्दांपुढे ‘--पोर्ट ८००५’ असे लिहिले की तेवढ्यापुरता ८००५ वर बसतो. याच बेंचला ‘सेट-कॉन्फिग’ अशी दुसरीही आज्ञा आहे. ती मात्र किंमत फाइलीत लिहून टाकते. म्हणजे ती टिकते. एक फळ्यावर लिहिणे, दुसरे वेळापत्रकच नव्याने छापणे. दोन्ही गोष्टी काळ्या खिडकीतूनच होतात, त्यामुळे नवशिक्याचा घोटाळा होतो.

इतर साधनांत तपशील थोडा वेगळा. जावा भाषेतील स्प्रिंग बूट या साधनाची पहिली आवृत्ती २०१४ साली आली. (स्प्रिंग म्हणजे झरा हाही अर्थ आहे, तेव्हा वज्रेश्वरीच्या लेखात त्याला मानाचे पान मिळायला हरकत नाही.) त्यात जवळजवळ प्रत्येक सेटिंग ओळीतून बदलता येते आणि क्रम वर सांगितला तसाच आहे. पायथन भाषेतील जँगो मात्र निराळ्या वळणाचे आहे. तिथे ‘--सेटिंग्ज’ लिहून एकेक किंमत नव्हे, तर सेटिंगांची संपूर्ण फाइलच दुसरी लावायची असते. एक तास बदलण्याऐवजी सगळे वेळापत्रकच बदलून टाकण्यासारखे हे आहे. म्हणून नवे साधन हाती घेतले की पहिल्या दिवशी त्याच्या माहितीपुस्तिकेत हा क्रम शोधावा.

आता खाचखळग्यांकडे वळू. ते या विषयातले सर्वांत मनोरंजक प्रकरण आहे.

पहिला खळगा असा की, ओळीतून येते ते सारे अक्षरांच्या रूपात येते. ८०३० हा तुम्हाला आकडा दिसतो. आज्ञावलीला ती चार अक्षरांची माळ मिळते. तिचा आकडा करणे हे आज्ञावलीचे काम. पोर्टाच्या बाबतीत ही चूक लवकर उघडकीस येते. पण होय-नाही स्वरूपाच्या सेटिंगांत मोठी गंमत होते. पायथनमध्ये अक्षरमाळेचे सत्य-असत्यात रूपांतर करताना नियम असा आहे की, रिकामी माळ असत्य आणि बाकी कोणतीही माळ सत्य. मग कोणी भोळेपणाने ‘--तपशील=फॉल्स’ असे लिहिले आणि आज्ञावली लिहिणाऱ्याने त्या शब्दाचे तसेच रूपांतर केले, तर उत्तर ‘सत्य’ येते! कारण ‘फॉल्स’ हा शब्द काही रिकामा नाही. शून्य हे अक्षर लिहिले तरीही तेच. नकार देण्यासाठी तोंड उघडले आणि तोंड उघडले म्हणूनच होकार धरला गेला, असा हा प्रकार.

दुसरा खळगा शुद्धलेखनाचा. कोणी घाईत ‘--पोर्ट’ ऐवजी ‘--प्रोट’ लिहिले तर काय व्हावे? काही आज्ञावल्या कडक असतात: ‘हा शब्द मला ठाऊक नाही’ असे सांगून सुरूच होत नाहीत. पायथनच्या आर्गपार्स या ग्रंथालयाची एरवीची वागणूक अशी आहे. स्प्रिंग बूट मात्र दोन डॅशांनंतर येणारे कोणतेही नाव मुकाट्याने स्वीकारते. ‘प्रोट’ नावाची किंमत ठेवून देते आणि ती विचारायला कधीच कोणी येत नाही. पोर्ट जुनेच राहते. मला विचाराल तर मी कडक आज्ञावलीच्या बाजूचा आहे. दारातच अडवणारा शिपाई त्रासदायक वाटतो खरा, पण चुकीच्या वर्गात तासभर बसून राहण्यापेक्षा ते बरे.

तिसरा खळगा पासवर्डाचा, आणि हा गंभीर आहे. माहितीकोशाचा पासवर्डसुद्धा एक सेटिंगच असते. मग तोही ओळीत लिहिण्याचा मोह होतो. तसे करू नका. सर्वसाधारण लिनक्स यंत्रावर ‘पीएस’ ही आज्ञा दिली की चालू असलेल्या आज्ञावल्यांची यादी मिळते, आणि प्रत्येकीपुढे तिला दिलेले शब्दही दिसतात. म्हणजे त्याच यंत्रावर बसलेला दुसरा विद्यार्थी तुमचा पासवर्ड वाचू शकतो. शिवाय शेल आधीच्या ओळी लक्षात ठेवतो; वरचा बाण दाबला की त्या पुन्हा हजर. पासवर्डाची जागा फक्त मालकालाच वाचता येईल अशा फाइलीत.

चौथी गोष्ट पत्त्याची. वेब-आज्ञावलीला पोर्टाबरोबर ‘कोणाचे ऐकायचे’ हेही सांगता येते. १२७.०.०.१ असे सांगितले तर ती फक्त त्याच संगणकावरून आलेल्या हाका ऐकते; ०.०.०.० सांगितले तर जाळ्यावरून कोठूनही आलेल्या हाका ऐकते. मोंगोडीबी नावाच्या माहितीकोशाच्या काही जुन्या प्रती मूळ किमतीनेच सर्वांच्या हाका ऐकत असत आणि पासवर्डही मागत नसत. ज्यांनी सेटिंग बदलले नाही, त्यांचे माहितीकोश इंटरनेटवर उघडे पडले. जानेवारी २०१७ मध्ये असे हजारो कोश चोरट्यांनी पुसून टाकले आणि परत देण्यासाठी खंडणी मागितली. त्याच वर्षी निघालेल्या ३.६ या आवृत्तीपासून मूळ किमतच बदलून ‘फक्त याच संगणकाचे ऐक’ अशी करण्यात आली. ‘--बाइंड_आयपी’ हे दोन शब्द त्या आधीही उपलब्ध होते. ते लिहिणाऱ्यांचे कोश वाचले. मूळ किमत कोणती ठेवावी हा निर्णय किती लोकांवर परिणाम करतो पाहा, कारण बहुतेक लोक तिला कधीच हात लावत नाहीत.

आता तो हातातून सुटलेला चेंडू. आज्ञावली सुरू होताना सेटिंगे एकदा वाचते, आपल्या स्मृतीत ठेवते आणि कामाला लागते. नंतर फाइल बदलली तरी तिला पत्ता नसतो. थांबवून पुन्हा सुरू करावे लागते. एनजिनएक्ससारखे काही सर्व्हर खास इशारा मिळाल्यावर फाइल पुन्हा वाचतात, पण ती सोय मुद्दाम करून ठेवलेली असते. आज्ञेच्या ओळीचे मात्र तसेही नाही. ती सुरुवातीलाच दिली, तिथेच संपली.

यातूनच एक व्यावहारिक अडचण येते. समजा शिक्षकांनी खऱ्या कुंडनोंदला ओळीतून ‘--एकक=सेल्सियस’ सांगून सुरू केले, आणि फाइलीत फॅरनहाइट तसेच राहिले. दोन महिने सारे सुरळीत. मग एका रात्री वीज गेली. पहाटे आली, संगणक सुरू झाला आणि त्याने कुंडनोंद स्वतःच सुरू केली, पण अर्थात नुसत्या नावाने, ओळीतल्या शब्दांशिवाय. सकाळी मुलांनी पाहिले तर कुंडाचे पाणी १२२ अंश! कोणी घाबरेल, कोणी तापमापक बदलेल. ५० अंश सेल्सियसला ९ ने गुणून ५ ने भागा आणि ३२ मिळवा, येतात १२२. पाणी कालच्याइतकेच कोमट-गरम आहे, फक्त फळा पुसला गेला आहे. म्हणून जे रोजचे आहे ते फाइलीत लिहावे. ओळ राखून ठेवावी ती एका दुपारच्या कामासाठी.

आणि कोणती किंमत कोठून आली हे आज्ञावलीने सुरू होतानाच छापून द्यावे. ‘पोर्ट ८०३०, आज्ञेच्या ओळीतून, एकक फॅरनहाइट, फाइलीतून, वही नोंदी, मूळ किंमत.’ लिहिणाऱ्याला यासाठी चार-पाच ओळी जास्त लिहाव्या लागतात. वर सांगितलेल्या घोटाळ्यांपैकी वहीचा, एककाचा आणि चुकलेल्या शब्दाचा असे तीन तरी या छापील ओळींनी पहिल्याच मिनिटाला उघडे पडले असते.

हे सारे स्वतः करून पाहायला कुंडनोंदची वाट पाहू नका. ज्या संगणकावर पायथन आहे, तिथे एक रिकामी घडी, म्हणजे फोल्डर, तयार करा आणि तीत मजकुराची एखादी साधी फाइल ठेवा. काळ्या खिडकीत त्या घडीत जाऊन ही ओळ द्या (काही यंत्रांवर पायथनऐवजी पायथन३ लिहावे लागते):

पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर --बाइंड १२७.०.०.१

एक छोटा वेब सर्व्हर सुरू होईल आणि आपण ८००० वर बसलो आहोत असे सांगेल. ही त्याची मूळ किंमत. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:८०००’ लिहिले की तुमची फाइल दिसेल. बाइंडचे शब्द गाळू नका. ते नसतील तर हा सर्व्हर जाळ्यावरच्या सर्वांच्या हाका ऐकतो आणि घडीतल्या फाइली शेजारच्या संगणकावरूनही वाचता येतात. आता पहिला सर्व्हर चालू ठेवून दुसरी काळी खिडकी उघडा आणि तीच ओळ पुन्हा द्या. काय संदेश येतो ते वहीत उतरवून घ्या. मग ओळीच्या शेवटी ८०५० हा आकडा लिहून पुन्हा द्या. दोन्ही सर्व्हर शेजारी-शेजारी चालतील. लिनक्स असेल तर तिसऱ्या खिडकीत ‘पीएस एयूएक्स’ ही आज्ञा देऊन यादीत दोन्ही ओळी शोधा. तुम्ही टंकित केलेले शब्द तिथे जसेच्या तसे दिसतील. शेवटी ८०५० च्या जागी ७०,००० लिहून पाहा, आणि सर्व्हर का कुरकुरतो याचे कारण वर पोर्टाच्या परिच्छेदात शोधा.